काच कापणारी धूळ : अॅब्रेसिव्ह जेट मशीनिंग कसे घडत गेले

कुरुंद (चर्चामंचावरील मूळ लेख; पुढे इतर सदस्यांचे लेखन त्यांच्या टोपणनावांखाली)

अभियांत्रिकीच्या पुस्तकांत अपारंपरिक यंत्रणाचे (मशीनिंगचे, म्हणजे पदार्थ काढून वस्तूला आकार देण्याचे) प्रकरण आले की अॅब्रेसिव्ह जेट मशीनिंग, म्हणजेच एजेएम, बहुधा पाच-सहा पानांत उरकले जाते. कोरड्या वायूच्या झोतात बारीक घर्षक कण मिसळायचे, तो झोत अरुंद नोझलमधून कामावर सोडायचा आणि कणांच्या माऱ्याने पदार्थ झिजवायचा, एवढी व्याख्या, एक आकृती आणि चार आलेख दिले की लेखकमहाशय पुढच्या प्रक्रियेकडे वळतात. ही प्रक्रिया कोणत्या गरजांतून घडली आणि तिच्यात वेळोवेळी नेमके काय सुधारले, हे या घाईत सांगायचेच राहून जाते. माझे मत असे आहे की दीडशे वर्षांत झोताचे मूळ तत्त्व जवळजवळ जसेच्या तसे राहिले. सुधारत गेली ती पावडर ताब्यात ठेवण्याची हातोटी. या मताला आधार असलेली माहिती येथे मांडतो. जाणकारांनी भर घालावी आणि पटत नसेल तेथे अवश्य खोडून काढावे.

सुरुवात फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्घमन यांच्यापासून करावी लागते. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेल्या या अधिकाऱ्याला १८ ऑक्टोबर १८७० रोजी वाळूच्या झोताने दगड, धातू आणि काच कापण्या-कोरण्याचे पेटंट मिळाले. वाऱ्याने उडणाऱ्या वाळूमुळे खिडक्यांच्या काचा धुरकट झालेल्या पाहून त्यांना ही कल्पना सुचली, अशी हकिकत सर्वत्र सांगितली जाते. ती खरी असो वा मागाहून रचलेली असो, त्यांच्या प्रयोगांतले एक निरीक्षण मात्र पुढच्या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी आहे. काचेवर कागदाची किंवा कापडी जाळीची नक्षी चिकटवून वाळूचा झोत सोडला, तर कठीण काच कोरली जाते आणि वरची मऊ नक्षी शाबूत राहते. यादवी युद्धातील सैनिकांच्या थडग्यांवरची नावे व्हरमाँटच्या संगमरवरात याच युक्तीने उठवली गेली : अक्षरांवर आवरण ठेवायचे, भोवतालचा दगड झिजू द्यायचा आणि मग आवरण उचलायचे.

यानंतरची सुमारे सत्तर वर्षे हा झोत ढोबळ कामांतच अडकून राहिला. ओतकामावरची चिकटलेली वाळू काढणे, गंज आणि जुना रंग खरवडणे, काच धुरकट करणे, अशा कामांत अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तरी कोणी विचारत नाही. त्यामुळे वाळू किती येते, कोणत्या वेगाने येते आणि नोझल किती झिजले आहे, याची चिंता करण्याचे कारणच नव्हते. ती चिंता १९४० च्या दशकात टेक्ससमधील कॉर्पस क्रिस्टी येथील दंतवैद्य रॉबर्ट ब्लॅक यांना करावी लागली, कारण त्यांना हाच झोत माणसाच्या तोंडात न्यायचा होता. त्यांच्या कामावर आधारलेले यंत्र एस. एस. व्हाइट या दंतसाहित्य बनवणाऱ्या जुन्या कंपनीने बाजारात आणले आणि त्याच कंपनीने पुढे तेच तंत्र कारखान्यांसाठी उपलब्ध केले. आज आपण ज्याला एजेएम म्हणतो, त्याचे यंत्र असे दवाखान्यातून कारखान्यात आले. पाठ्यपुस्तकांत याचा उल्लेख क्वचितच असतो, याचे मला नेहमी नवल वाटते.

यंत्राची मांडणी साधी दिसते. दाबाखालचा वायू गाळून आणि कोरडा करून दाब-नियंत्रकातून मिश्रणकक्षात येतो. कक्षात चाळणीसारख्या तळावर पावडर असते आणि हा कक्ष विजेच्या मुख्य पुरवठ्याच्या वारंवारतेने, म्हणजे आपल्याकडे सेकंदाला ५० वेळा, थरथरत असतो. थरथरीचा आवाका वाढवला की वायूत पडणारी पावडर वाढते आणि कमी केला की घटते. वायू वेगळा आणि पावडर वेगळी, अशी दोघांची स्वतंत्र नियंत्रणे प्रथमच मिळाली आणि माझ्या मते सँडब्लास्टिंगचे, म्हणजे वाळूच्या ढोबळ झोताचे, नेमके यंत्रण झाले ते येथेच. पुढे नळी, हातात धरायची मूठ, पायाने दाबायची खटकी आणि टंगस्टन कार्बाइडचे किंवा नीलमण्याचे नोझल. नोझलचे छिद्र साधारण ०.२ ते ०.८ मिलिमीटर, कण १० ते ५० मायक्रॉनचे, दाब २ ते ८ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर आणि कणांचा वेग सेकंदाला १५० ते ३०० मीटर, हे आकडे बहुतेक ठिकाणी सारखेच आढळतात. कापायला कुरुंद म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइड, नाजूक सफाईला खाण्याचा सोडा आणि चकाकी आणायला काचेचे मणी वापरतात. वायू म्हणून हवा, नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड चालतो. ऑक्सिजन मात्र कदापि वापरायचा नाही, कारण ताज्या कपच्यांशी त्याची भडक्यासह अभिक्रिया होऊ शकते.

आता थोडे गणित करू. २५ मायक्रॉन व्यासाच्या कुरुंदाच्या कणाचे वस्तुमान सुमारे ०.०३ मायक्रोग्रॅम भरते. तो सेकंदाला २०० मीटर वेगाने आदळला, तर त्याची गतिज ऊर्जा एका मायक्रोज्यूलहूनही कमी, सुमारे ०.६५ मायक्रोज्यूल असते. मिनिटाला १० ग्रॅम पावडर जात असेल, तर सेकंदाला सुमारे ५० लाख कण आदळतात, पण त्या सगळ्यांची मिळून शक्ती होते अवघी साडेतीन वॅटच्या आत. एजेएम मंद का आहे, त्यात उष्णता का जाणवत नाही आणि पातळ, ठिसूळ पत्रीसुद्धा त्यात का तडकत नाही, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर या एका आकड्यात सापडते. शिवाय वेग तोच ठेवला तर कणाची ऊर्जा व्यासाच्या घनानुसार बदलते. १० मायक्रॉनऐवजी ५० मायक्रॉनचा कण आला, तर ऊर्जा १२५ पट होते. म्हणून पावडरमध्ये मोठे कण मिसळलेले असले की कडा फुटतात. पावडर नीट वर्गवारी केलेली असावी, हा आग्रह त्यातूनच येतो.

उद्योगात ही प्रक्रिया शिरली ती अशा ठिकाणी, जेथे काढायचा पदार्थ थोडा आणि वस्तू महाग होती. काच, क्वार्ट्झ, सिरॅमिक आणि अर्धवाहकांच्या चकत्या कापणे वा त्यांवर खाचा पाडणे ही कामे होतीच, पण मला सर्वांत रोचक वाटते ते जाड थराच्या रोधकांचे ट्रिमिंग. सिरॅमिकच्या पाटीवर छापून भाजलेला रोधक मुद्दाम हव्या त्या मूल्यापेक्षा कमी ठेवत. मग त्याला मोजणीचे टोक लावून झोताने त्याची कड हळूहळू झिजवत, रोध वाढत जाई आणि ठरलेल्या ओह्मला पोहोचताच झोत बंद होई. येथे मंदपणा हाच गुण ठरला. पुढे लेसर स्वस्त आणि वेगवान झाल्यावर हे काम त्याच्याकडे गेले आणि एजेएमला पुन्हा नवे घर शोधावे लागले.

प्रत्यक्ष यंत्रावर काम केलेल्यांनी आणि दंतवैद्यकातल्या मंडळींनी येथे लिहावे, अशी विनंती आहे.


दंतकथा

लेख आवडला. ब्लॅक यांच्याविषयी थोडी भर घालतो, कारण आमच्या दंतवैद्यकाच्या शाखेत ही गोष्ट आजही शिकवण्यासारखी आहे.

त्या काळातील दाताचे ड्रिल पट्ट्यावर चालणारे आणि संथ होते. कंप, उष्णता, दाब आणि हाडापर्यंत पोहोचणारा आवाज यांनी रुग्ण हैराण होत. ब्लॅक यांचा १९४५ सालचा लेख यंत्राशिवाय दातात पोकळी तयार करण्याच्या पद्धतीवर होता आणि १९५१ मध्ये एस. एस. व्हाइटने ‘एअरडेंट’ हे यंत्र आणले. रुग्णांना ते सुसह्य वाटले, यात शंका नाही. तरीही दहा वर्षांच्या आत ते मागे पडले आणि त्याची कारणे झोतापेक्षा दातात भरण्याच्या पदार्थात अधिक होती.

तेव्हा दाढेत चांदी भरत असत. चांदी दाताला चिकटत नाही. ती पोकळीच्या आकारानेच अडकून राहते. त्यासाठी पोकळीच्या भिंती सरळ, कोपरे ठसठशीत आणि आतली बाजू तोंडापेक्षा किंचित रुंद हवी. हे नियम घालून दिले होते ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांनी. आडनावाचा योगायोग पाहा, एका ब्लॅक यांच्या नियमांत दुसऱ्या ब्लॅक यांचे यंत्र बसेना, कारण झोताने होणारी पोकळी गोलसर आणि तोंडाशी पसरट असते. त्यातच १९५७ मध्ये हवेच्या टर्बाइनवर मिनिटाला सुमारे तीन लाख फेरे घेणारे ‘एअरोटर’ आले आणि ड्रिलचा संथपणा संपला. तोंडातली पावडर ओढून घेण्याची जोरकस व्यवस्था त्या काळी नव्हती, हीसुद्धा मोठी अडचण होती. शिवाय ड्रिलने काम करताना हाताला दाताचा कठीणपणा कळतो. झोताचे नोझल दाताला टेकतच नाही, त्यामुळे खोलीचा अंदाज केवळ डोळ्यांनी घ्यावा लागतो.

एक गंमत मूळ लेखातील टिल्घमन यांच्या निरीक्षणाशी जुळते. हा झोत निरोगी, कठीण इनॅमल (दाताचे बाहेरचे कवच) झपाट्याने कापतो आणि किडलेला मऊ, चामड्यासारखा झालेला भाग मात्र तुलनेने सोडून देतो. आम्हाला हवे असते नेमके उलट.

१९९० च्या दशकात हे तंत्र परतले, कारण तोवर आम्ल लावून इनॅमल खडबडीत करणे आणि त्यावर चिकटणारे कंपोझिट (राळेचे मिश्रण) भरणे सर्रास झाले होते. चिकटणाऱ्या पदार्थाला टोकदार कोपरे नकोच असतात. गोलसर पोकळी आणि खडबडीत पृष्ठभाग त्याला मानवतो. आज दात साफ करताना सोड्याची किंवा ग्लायसिनची पावडर पाण्यासह फवारतात, ती याच घराण्यातली. दंतरोपणासाठीच्या टायटॅनियमच्या स्क्रूवर आधी मोठ्या कणांचा मारा करून मग आम्लाने कोरण्याची पद्धतही सर्वत्र रूढ आहे, कारण अशा पृष्ठभागाशी हाड चांगले जुळते.


शंकासूर

दोन्ही लेखन माहितीपूर्ण आहे. माझी शंका मुळातली आहे. कठीण वस्तू झिजते आणि मऊ टिकते, हे व्यवहाराच्या उलटे वाटते. कानस तर मऊ लोखंड लवकर खाते. मग झोताच्या बाबतीत असे का व्हावे? आणि नोझल कार्बाइडचे असूनही झिजते, ते कोणत्या नियमाने?


कुरुंद

दंतकथा, चांदीचा मुद्दा मला ठाऊक नव्हता असे नाही, पण किडलेला भाग झोताला दाद देत नाही हे वाचून माझ्याच लेखाला पुरावा मिळाल्यासारखे झाले. आभार.

शंकासूर यांच्या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर मिळायला टिल्घमन यांच्यानंतर नव्वद वर्षे लागली. इयन फिनी यांनी १९६० मध्ये घन कणांमुळे होणाऱ्या झिजेचे गणिती रूप मांडले आणि बिटर यांनी १९६३ मध्ये त्यात विरूपणामुळे होणाऱ्या झिजेची बाजू जोडली. त्यातून जे चित्र उभे राहिले, ते असे. तन्य, म्हणजे न तुटता ताणल्या जाणाऱ्या, धातूवर कण तिरपा आला तर तो छोट्या हत्याराप्रमाणे पृष्ठभाग खरवडतो. म्हणून अशा पदार्थांची झीज पृष्ठभागाशी सुमारे २० अंशांचा कोन असताना सर्वाधिक होते. कण सरळ काटकोनात आदळला, तर धातू दबून खळगा पडतो आणि पदार्थ बाजूला सरकतो, पण सुटून निघत नाही. काचेसारख्या ठिसूळ पदार्थात सरकण्याची सोयच नसते. कणाखाली बारीक दबलेला भाग तयार होतो, कण परत उसळताना तो भाग मोकळा होऊ पाहतो, तेव्हा त्याच्या तळाशी पृष्ठभागाला जवळजवळ समांतर अशा चिरा पसरतात आणि त्या वर वळून कपची सुटते. म्हणून तेथे काटकोनातला मारा सर्वांत परिणामकारक ठरतो. रबर यापुढे एक पायरी आहे : ते कणाची ऊर्जा लवचीकपणे घेऊन बरीचशी परत करते, त्यामुळे काटकोनात त्याची झीज नगण्य होते.

कानशीत दात रेटून धरलेला असतो, तेथे पदार्थाचा कठीणपणा निर्णायक असतो. येथे कण सुटा आहे आणि आघात क्षणभराचा आहे. म्हणून पदार्थ तडा जाण्याला किती विरोध करतो, हे महत्त्वाचे ठरते. नोझलमध्ये कण भिंतीला जवळजवळ समांतर घासत जातात. त्यामुळे तेथे कठीणपणाच कामाला येतो, तरीही लाखो कणांचा हिशेब शेवटी चुकता होतोच. कार्बाइडचे नोझल साधारण १२ ते ३० तास आणि नीलमण्याचे सुमारे ३०० तास टिकते, असे आकडे पुस्तकांत दिलेले असतात.

याच विषयातला एक प्रयोग मला फार आवडतो. शेल्डन आणि फिनी यांनी १९६६ मध्ये काचेवर अगदी बारीक, सुमारे ९ मायक्रॉनच्या सिलिकॉन कार्बाइडचा मारा केला, तेव्हा काच धातूसारखी वागली आणि तिची कमाल झीज तिरप्या कोनात आढळली. आघात पुरेसा छोटा असेल, तर चिरा सुरू व्हायलाच ऊर्जा पुरत नाही आणि काचही खरवडली जाते. ठिसूळपणा हा केवळ पदार्थाचा गुण नसून आघाताच्या मापावरही अवलंबून असतो, हे यातून दिसले. गुळगुळीत तळ हवा असेल तेव्हा बारीक पावडर आणि तिरपा झोत का घेतात, त्याचे हेच कारण आहे.


टूलरूम

कारखान्याच्या बाजूने लिहितो. पावडर ताब्यात ठेवणे म्हणजे काय, हे पावसाळ्यात कळते. जून ते सप्टेंबर कॉम्प्रेसरच्या टाकीतून पाणी काढून हात दुखतात. थंड करून हवा सुकवणारा ड्रायर दवबिंदू सुमारे ३ अंशांपर्यंत खाली आणतो. मोठ्या गनला तेवढे चालते, पण २५ मायक्रॉनची पावडर तेवढ्या ओलाव्यानेही धरते. आधी झोत उचकी लागल्यासारखा तुटक येतो, मग नोझल बुजते. टाचणीने उकरायला गेलात तर कार्बाइडच्या तोंडाची कड उडते आणि झोत कायमचा एका बाजूला फेकू लागतो. आम्ही पूर्वी जेथे होतो, तेथे खरेदी विभागाने शोषक ड्रायरचा खर्च वाचवला होता आणि त्या वर्षीचा पावसाळा आम्ही नोझल बदलण्यात घालवला. उणे ४० अंशांचा दवबिंदू देणारा शोषक ड्रायर किंवा सरळ नायट्रोजनचे सिलिंडर, हाच उपाय आहे.

वापरलेली पावडर चाळून पुन्हा भरण्याचा मोहही टाळावा. एक तर तिच्यात कपच्या आणि मोडलेले कण मिसळलेले असतात, त्यामुळे नोझल बुजते. दुसरे, कणांच्या धारा बोथट झालेल्या असतात, त्यामुळे वेळ दुप्पट लागतो. वाचवलेली पावडर मजुरीत जाते.

एका मुद्द्यावर मात्र मतभेद नोंदवतो. आपण एजेएमच्या विकासाबद्दल लिहिता आणि वॉटरजेटचा, म्हणजे घर्षक कण मिसळलेल्या पाण्याच्या अतिउच्च दाबाच्या झोताचा, उल्लेखही करत नाही. आज भोसरी, चाकण पट्ट्यात कोणाला अॅब्रेसिव्ह जेट म्हटले तर तो वॉटरजेटच समजतो. ५० मिलिमीटरची स्टेनलेसची प्लेट असो वा ग्रॅनाइटची नक्षी, सगळे तिकडेच जाते. झोतही आहे, घर्षक कणही आहेत. मग वॉटरजेट हीच एजेएमची पुढची पायरी का मानू नये?


कुरुंद

ओलाव्याबद्दलचे आपले वर्णन कोणत्याही पुस्तकापेक्षा उपयोगी आहे.

वॉटरजेटबद्दल मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. टिल्घमन यांच्या पेटंटमध्ये वाहक म्हणून पाण्याचाही विचार आहे, हे आपल्या बाजूने मान्य करतो. परंतु आजच्या वॉटरजेटची वंशावळ वेगळी आहे. तिची सुरुवात वाळूशिवायच्या, निव्वळ पाण्याच्या अतिउच्च दाबाच्या झोतापासून झाली. वनशास्त्रातले अभियंता नॉर्मन फ्रांझ लाकूड कापण्यासाठी त्यावर प्रयोग करत होते आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला असा झोत कारखान्यात कागद आणि पुठ्ठा कापू लागला. मऊ वस्तू त्याने कापल्या जात. धातू, काच आणि दगड हाती लागत नव्हते. इजिप्तमध्ये जन्मलेले अभियंते मोहम्मद हशीश यांनी वॉशिंग्टन राज्यातील फ्लो कंपनीत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून त्या पाण्यात गार्नेट या कठीण खनिजाचे कण ओढून घेण्याचे तंत्र सिद्ध केले आणि १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते बाजारात आले. म्हणजे येथे आधी झोत होता आणि कण मागून आले.

शक्तीचा हिशेब पाहिला तर अंतर अधिक स्पष्ट होते. ४,००० बार दाबाखाली मिनिटाला ३.८ लीटर पाणी सोडणाऱ्या पंपाची झोतातली शक्ती सुमारे २५ किलोवॅट होते आणि पाण्याचा सैद्धांतिक वेग सेकंदाला ९०० मीटरच्या जवळ जातो. त्यात मिनिटाला तीनशे-चारशे ग्रॅम गार्नेट मिसळते. मूळ लेखातला कोरडा झोत साडेतीन वॅटचाही नव्हता. सात हजार पटींहून अधिक फरक असलेल्या दोन प्रक्रियांना एकीची पुढची पायरी दुसरी, असे म्हणणे मला योग्य वाटत नाही. जाड धातू कापण्याचे काम एजेएमने कधी केलेच नव्हते. ते वॉटरजेटने ऑक्सी-गॅस, प्लाझ्मा आणि करवतीकडून घेतले.

जोडीला एक नोंद : त्या गार्नेटसाठी जग ज्या मोजक्या किनाऱ्यांवर अवलंबून राहिले, त्यांत तमिळनाडू आणि ओडिशाचे किनारे आहेत.


सूक्ष्मनाली

नमस्कार. नेदरलँड्समध्ये काचेच्या चिप्सवर काम करते, म्हणून या प्रक्रियेच्या अलीकडच्या अवताराबद्दल लिहिते. येथे तिला पावडर ब्लास्टिंग म्हणतात.

लेसरने ट्रिमिंग हिरावून घेतल्यावर कोरड्या झोताला जे नवे घर मिळाले, ते टीव्हीच्या सपाट पडद्यांचे. प्लाझ्मा पडद्यात प्रत्येक बिंदूच्या कप्प्यांना वेगळे ठेवणाऱ्या बारीक भिंती लागतात. काचेच्या भुकटीचा लेप पूर्ण पृष्ठभागावर द्यायचा, त्यावर प्रकाशसंवेदी फिल्मची नक्षी उठवायची आणि उघडा भाग झोताने उडवून द्यायचा, अशा रीतीने त्या भिंती तयार होत. आइंडहोवन येथील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात पीटर स्लिक्केरवेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पातळ काचेत एकाच वेळी असंख्य छिद्रे पाडण्यासाठी या तंत्राचा कसून अभ्यास केला. पडद्यांची ती पिढी मागे पडली, पण अभ्यास कामी आला. ट्वेंटे विद्यापीठात त्यावरूनच सूक्ष्म द्रवप्रणालींसाठी काचेत नाल्या कोरण्याचे काम पुढे गेले.

या रूपात नोझल बारीक असण्याची गरजच राहत नाही. रुंद झोत पूर्ण चकतीवरून सारखा फिरवायचा आणि मापाची जबाबदारी मास्कवर, म्हणजे काचेवर चिकटवलेल्या नक्षीदार आवरणावर, टाकायची. टिल्घमन यांचा कागद आणि संगमरवरावरची ती आवरणे येथे प्रकाशसंवेदी रबरी फिल्म होऊन किंवा धातूची पत्री होऊन परत आली आहेत. धातूची पत्री माऱ्याने हळूहळू ताणली जाऊन वाकते आणि कडांशी उचलली जाते. रबरी थर टिकतो, पण फार बारीक रेषांत काचेवरून सुटतो. रोजची कटकट बहुधा यांपैकीच एक असते.

नाली खोल होत गेली की तिचा छेद इंग्रजी व्ही अक्षराकडे झुकतो. तिरप्या भिंतींवर कण काटकोनात आदळत नाहीत, त्यामुळे झीज मंदावते. अरुंद नाली म्हणूनच रुंद नालीपेक्षा मागे राहते आणि एकाच चकतीवर दोन्ही रुंदी हव्या असतील, तर खोली सारखी येत नाही. आराखडा काढतानाच हे गृहीत धरावे लागते. कणाचा आकारही मर्यादा घालतो : ३० मायक्रॉनच्या कणांनी २० मायक्रॉनची फट कोरता येणार नाही, हे उघड आहे. तळ खडबडीत राहतो, सूक्ष्मदर्शकाखाली प्रकाश विखुरतो, म्हणून जेथे आरपार पाहायचे असते तेथे आम्ही काच विरघळवणाऱ्या हायड्रोफ्लोरिक आम्लाचाच मार्ग धरतो. मात्र काचेत आरपार प्रवेशछिद्रे पाडायची असतील, तर झोताइतका जलद आणि स्वस्त उपाय मला अजून दिसलेला नाही.

रबरासारख्या मऊ पदार्थातच नाली कोरायची झाली, तर टोरोंटोच्या पापिनी आणि स्पेल्ट यांच्या गटाने २००० च्या दशकात उलटी युक्ती केली. द्रव नायट्रोजनने पदार्थ इतका थंड करायचा की तो ठिसूळ व्हावा आणि मग झोत सोडायचा. शंकासूर यांच्या शंकेचे हे प्रयोगातले उत्तर समजायला हरकत नाही.


कारखाना_निरीक्षण

चर्चेत एक बाजू राहिली आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. टिल्घमन यांची वाळू ही मुख्यतः स्फटिकी सिलिका होती. ती आदळून फुटते तेव्हा होणारी धूळ फुप्फुसात खोलवर जाते आणि सिलिकोसिस होतो, ज्यावर बरे करणारा उपाय नाही. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी ओतकामाच्या ब्लास्टिंगमध्ये वाळू वापरण्यास बंदी केली. आपल्याकडेही कारखाने कायद्याखाली केलेल्या नियमांत ब्लास्टिंगसाठी स्वतंत्र परिशिष्ट घातले गेले आणि मुक्त सिलिका असलेले घर्षक त्यात निषिद्ध ठरवले गेले. कायदा कागदावर असणे वेगळे. तुर्कस्तानात जीन्सच्या कापडाला जुनाट रूप देण्यासाठी तरुण मुले बंद खोल्यांत वाळूचा झोत मारत. त्यांच्यात सिलिकोसिसचे रुग्ण दिसल्यावर २००९ मध्ये तेथे बंदी आली. विकासाच्या इतिहासात वाळूकडून कुरुंदाकडे झालेला बदल केवळ कापण्याच्या गुणामुळे झाला, असे कोणी समजू नये. आणि कुरुंद वापरत असलात तरी धूळ ओढणारा हूड आणि तोंडावरचा मास्क सुटत नाही; ज्या वस्तूवर मारा करता, ती क्वार्ट्झ असेल तर सिलिका तिच्यातूनच येते.


शेवटचे_सत्र

मी यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गटाने प्रकल्पासाठी एजेएमचे छोटे यंत्र तयार केले आहे. नोझल आणि काच यांतील अंतर बदलून पदार्थ निघण्याचा दर मोजतो आहोत. पुस्तकातील आलेखात दर आधी वाढतो, काही अंतरापर्यंत स्थिर राहतो आणि मग घटतो. आमचे बिंदू मात्र कसेही विखुरलेले येतात. एकाच अंतरावर दोनदा चाचणी घेतली तरी दर निराळा येतो. मार्गदर्शन व्हावे.


टूलरूम

तुमची पावडर सारखी येत नसणार. कक्षाला नुसती हवा लावली आहे की व्हायब्रेटर आहे? कॉलेजच्या प्रयोगशाळेत ड्रायर बहुधा नसतोच. पावडर भरण्याआधी ओव्हनमध्ये वाळवा आणि कक्ष अर्ध्याहून अधिक भरू नका.


कुरुंद

टूलरूम यांचे निदान मला बरोबर वाटते. आलेखाचा आकार कशामुळे येतो, ते आधी पाहा, म्हणजे कशाची खात्री करायची ते कळेल. नोझलमधून बाहेर पडल्यावर वायूचा वेग कणापेक्षा जास्त असतो, म्हणून थोडे अंतर मिळाले की कण आणखी वेग घेतो आणि दर वाढतो. पुढे झोत पसरतो, वायू मंदावतो, कणही मंदावतात आणि दर पडतो; सोबत छिद्र रुंद आणि निमुळते होते. हा आकार दिसण्यासाठी पावडरचा प्रवाह स्थिर असणे ही पूर्वअट आहे. प्रवाह नुसता वाढला तरी दर वाढेलच असे नाही, कारण एका मर्यादेपलीकडे कण एकमेकांना आडवे येतात, परत उसळणारे कण येणाऱ्यांना अडवतात आणि तेवढाच वायू अधिक वस्तुमान ओढत असल्याने सगळ्यांचाच वेग उतरतो. म्हणजे तुमचा प्रवाह हेलकावत असेल, तर दर दोन्ही बाजूंना हेलकावणार.

तेव्हा काच तूर्त बाजूला ठेवा. झोत कापडी पिशवीत सोडून ठरावीक वेळानंतर पिशवीचे वजन घ्या आणि हे पुन्हापुन्हा करा. वजने एकमेकांशी जुळू लागेपर्यंत व्हायब्रेटर, दाब आणि कक्षातील भरणा यांच्यावर काम करा. त्यानंतर प्रत्येक फेरीआधी आणि फेरीनंतर नोझलचे छिद्र सूक्ष्मदर्शकाखाली मोजून वहीत लिहा. तुमचे नोझल कार्बाइडचे नसून पोलादाचे असेल, तर तेच सगळ्यात आधी बदला, कारण पोलादाचे छिद्र एका दुपारच्या कामातही रुंदावते आणि मग पहिल्या आणि शेवटच्या बिंदूचे यंत्र एकच राहत नाही. काचेचे वजन मिलिग्रॅमच्या दशांशापर्यंत दाखवणाऱ्या तराजूवर घ्या, त्याआधी ती पुसून, फुंकून चिकटलेली पावडर काढा. तरीही बिंदू विखुरलेच, तर अंतरे, दाब आणि पावडरचा क्रमांक येथे लिहा, आपण सगळे मिळून पाहू.